पेटीतले मागचे हातमोजे

१

आमच्याकडे इंजिन येतं तेव्हा ते कधीकाळी चकचकीत होतं हे सांगून कुणाला पटणार नाही. तेल, धूळ, जळलेला काळा कार्बन, गळती थांबावी म्हणून कुणीतरी थापलेलं काहीबाही. या सगळ्याच्या खाली ॲल्युमिनिअम आहे, हे आधी विश्वासावर घ्यावं लागतं. ते बाहेर काढायचं काम माझं. पुढच्या खोलीत आमचे हे इंजिन खोलतात आणि जोडतात, मागच्या खोलीत मी त्याचे भाग धुते, घासते, उजळवते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी कौतुकाने स्वयंपाकघर दाखवलं होतं, पण मी या मागच्या खोलीत शिरले ती शिरलेच. शेजारपाजारचे म्हणतात, 'वहिनी, भांडी घासल्यासारखंच की हे.' मी म्हणते, 'हो ना, फक्त माझ्या भांड्यात एक कण राहिला तर तुमची गाडी भर रस्त्यात बसते.'

त्या दिवसांत चष्मेवाल्यांच्या गाडीचं इंजिन आलं होतं. चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. गाडी जुनी, पण जिवापाड जपलेली. इंजिन तेल प्यायला लागलं म्हणून पूर्ण खोलायचं ठरलं. दुकान उघडायच्या आधी ते आमच्या दारात डोकावत आणि विचारत, 'काही दिसायला लागलं का?' धंद्याची सवय, दुसरं काय.

माझी कामाची रीत ठरलेली आहे. आधी रॉकेलच्या टाकीत भिजवून तेल काढायचं. कॉस्टिक सोडा जवळसुद्धा आणायचा नाही, तो ॲल्युमिनिअम खातो. मग साबणाचं गरम पाणी. मग पेटी.

पेटी म्हणजे पायांवर उभं केलेलं मोठं लोखंडी खोकं. वर दार, समोर एका चेहऱ्यापुरती काचेची खिडकी, खिडकीखाली दोन गोल भोकं. त्या भोकांना आतल्या बाजूने रबराचे कोपरापर्यंतचे काळे हातमोजे कायमचे बसवलेले. आपण बाहेर उभं राहून त्यांत हात घालायचे आणि पायाने पेडल दाबायचं, की आतल्या नळीतून हवेच्या जोरावर काचेचे मिठासारखे बारीक मणी सुटतात आणि मळ झडत जातो. खालून जे निघतं ते पाहायला मला अजूनही पहिल्या दिवसाइतकीच मजा येते. राखाडी-पांढरं, मऊ उजेडाचं, कुणाचाही हात न लागलेलं.

ही पेटी आम्ही जुनी घेतली होती आणि ती मुळात दोघांसाठी बनवलेली होती. दोन बाजूंना दोघांनी उभं राहून एकच मोठा भाग साफ करायचा, अशी. आम्हाला एक माणूस पुरे, म्हणून मागच्या भोकांवर पत्र्याच्या झाकण्या बोल्टने आवळल्या आणि पेटी भिंतीजवळ सरकवली. मागचे हातमोजे आत तसेच लोंबत राहिले. हे म्हणाले, कापून टाकू. मी म्हटलं, असू द्या, पुढचे फाटले की उपयोगी येतील. मला मेलं काही टाकवतच नाही.

आणि एक गोष्ट मी यांना सांगितली नव्हती. माझ्या बोटांना लागेनासं झालं होतं. आधी टोकं गेली, मग पेरं. ताकद होती, बोटं वळत होती, पण हातात नट आहे की वॉशर, हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. यांना समजलं असतं तर यांनी मला अगदी प्रेमाने, काळजीने घरी बसवलं असतं आणि पेटीवर दुसरं कुणी आणलं असतं. ते मला नको होतं. या खोलीबाहेर मी कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची वहिनी होते. या खोलीत मी कामाची होते.

२

इंजिनचं हेड हा सगळ्यांत किचकट भाग. कडेवरच्या पोराएवढं वजन, आत पाण्याच्या वाटा, तेलाच्या वाटा. प्रत्येक वाटेच्या तोंडाला रबरी बूच मारून मगच ते पेटीत ठेवायचं. काचेचे मणी तेलाच्या वाटेत जाऊन बसले आणि धुतानाही निघाले नाहीत, तर पुढे ते तेलाबरोबर फिरतात आणि बेअरिंग खाऊन टाकतात. एवढी मेहनत करून जोडलेलं इंजिन पुन्हा भंगारात. माझ्या कामात घाबरायचं ते एवढ्यालाच, असं मी समजत होते.

हेडची एक बाजू झाली. उलटवायचं म्हणून डाव्या हाताने कड धरली आणि उजव्या हातातली नळी बाजूला ठेवू लागले, तोवर हेड उलटलं. पडलं नाही, घसरलं नाही. झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तसं हलकेच वळलं आणि खालच्या जाळीवर टेकलं.

मी पेडलवरून पाय काढला. हवेचा आवाज थांबला, धूळ ओढणारा पंखा तेवढा घुमत राहिला. आत धुळीचं दाट धुकं होतं. ते विरळ झालं तेव्हा माझे दोन हातमोजे दिसले, हेड दिसलं, आणि त्याच्या पलीकडे ते मागचे दोघे, नेहमीसारखे माना टाकून.

पहिला विचार काय आला असेल? की बरं झालं, मनगट वाचलं. दुसरा विचार जरा उशिराने आला.

मी घाबरण्याआधी कारण शोधणारी बाई आहे. पंखा जोरात ओढू लागला की रिकामे हातमोजे आतल्या आत फुगतात, हे मी कितीदा पाहिलं होतं. फुगलेल्या हातमोज्याने ढुशी दिली असेल. पण एवढ्या वजनाला? बरं, मग माझ्याच हाताने वळवलं असेल आणि मला लागलं नसेल. हे कारण पटण्यासारखं होतं, आणि तेच मला सगळ्यांत कमी आवडलं.

टॉर्च घेऊन पेटी आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून मागे पाहिलं. दोन्ही झाकण्या जागच्या जागी होत्या. बोल्टांवर धुळीचा थर होता, आणि एका झाकणीपासून दुसरीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. मालक जाळ्यात बसलेलेही होते. त्यांना मी त्रास दिला नाही.

३

'अहो, मागचे हातमोजे फुगतात ना?'

हे पिस्टनवर रिंग चढवत होते. 'फुगणारच. पंखा ओढतो की.'

'फुगून एखादी वस्तू उचलतील का?'

'उचलतील. मग त्यांना जोडणीलाही लावू. मला जरा पाठ टेकता येईल.'

'मी चेष्टा करत नाहीये.'

'मग चहा कर,' हे म्हणाले. 'चहाची वेळ टळली की तुला असले प्रश्न पडतात.'

चहा केला. कप हातात धरला तो बघून बघून. तो गरम आहे हे मला ओठांना कळलं.

दुपारी मॅनिफोल्ड घेतला. हवा आणि पेट्रोल इंजिनात नेणाऱ्या नळ्यांचा तो पंजासारखा भाग, त्याच्या खाचाखोचांत मळ दडून बसतो. धूळ दाट होईपर्यंत मी मुकाट्याने काम केलं. मग डावा हात रिकामा केला आणि नुसताच पुढे धरला, तळवा वर करून. भांडी विसळताना पलीकडच्या बाईने पुढचं भांडं आपल्या हातात द्यावं, तसा मॅनिफोल्ड माझ्या हातात आला. हवी ती बाजू वर करून.

मी हसले. खोटं कशाला सांगू, घाबरले नाही, चक्क हसले. नंतरचे काही दिवस माझे मोठ्या मजेत गेले. टायमिंग कव्हर झालं, पाण्याच्या पंपाचं घर झालं, खालचं तेलाचं चेंबर झालं. मी हळूहळू त्याची रीत शिकत गेले. धूळ दाट असली तरच. माझे हात आत असले तरच. खिडकीला नाक लावून मुद्दाम टक लावली की काही नाही; कामात डोकं घातलं की हवं तेव्हा हवं तिथे. लाजाळू सुनेसारखं सगळं. मीसुद्धा नव्या सुनेला सांभाळून घ्यावं तशी वागत होते, दटावत नव्हते आणि फार कौतुकही करत नव्हते.

पण कुतूहल गप्प बसू देईना. 'मागे झाडायचंय, जरा पेटी ओढून द्या,' असं म्हणून मी यांच्याकडून ती भिंतीपासून पुढे घेतली. हे पुढच्या खोलीत गेल्यावर कोळ्याला काडीने बाजूला केलं, एका झाकणीचे बोल्ट सोडवले आणि भोकात टॉर्च मारला. आत हातमोज्याची लांब काळी पोकळी होती, पार बोटांच्या टोकांपर्यंत रिकामी. एवढं पाहून बंद करायला हरकत नव्हती. पण मी हात घातला. बोटांना काही कळणार नव्हतं, म्हणून लहान मुलाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसा कोपर आत टेकवला.

आतून ऊब होती. कुणीतरी आत्ताच हात काढून घेतल्यावर राहते तेवढी.

'झालं का झाडून?' हे दारातून म्हणाले.

'अहो, इथे हात लावून बघा. गरम लागतंय.'

त्यांनी हात घातला, तोंड वाकडं केलं. 'शेजारी भाग वाळवायचा ओव्हन आहे, गरम नाही लागणार तर काय! आणि झाकण कशाला उघडलंस? हातमोजा निसटला तर मणी बाहेर सांडतील सगळे.'

ओव्हन शेजारी होता, हे खरंच. सकाळपासून तो लावला नव्हता, हेही खरं. मी दुसरं वाक्य मनातच ठेवलं.

४

हेड दुसऱ्यांदा पेटीत घालावं लागलं. व्हॉल्व्हजवळ थोडा कार्बन राहिला होता, तो नखभर डाग मला बघवेना. धुतल्यावर सगळी बुचं काढलेली होती, ती पुन्हा मारायची होती. मी एकेक भोक डोळ्यांनी तपासत बूच मारत गेले. पूर्वी हे काम बोट फिरवून व्हायचं. बोट जिथे किंचित आत जाईल तिथे बूच राहिलं, इतकं सोपं. आता बोट फिरून काही सांगत नव्हतं.

पेडल दाबलं. मणी सुटले, डाग विरघळू लागला. मी नळी कडेकडेने नेत होते, आणि मधेच ती पुढे जाईना. म्हणजे अडत नव्हती, पण वाटेत काहीतरी आलं होतं. हेडच्या कोपऱ्यावर एक काळं रबरी बोट टेकलेलं होतं.

माझे दोन्ही हात मला दिसत होते. उजव्यात नळी, डावा खाली आधाराला.

ते बोट फुगलेलं नव्हतं. फुगलेलं बोट गोल असतं, लांबट फुग्यासारखं. हे पेरापाशी वाकलं होतं आणि दाबल्यामुळे त्याचं टोक चपटं झालं होतं. वर मणी आदळत होते, तरी ते जराही हललं नाही. हौद गळायला लागल्यावर माणूस भोकावर बोट धरून इतरांना हाक मारतो, तसं ते धरलेलं होतं.

मी पाय काढला. धूळ खाली बसू लागली तसं ते बोट उचललं गेलं, मागे गेलं, आणि त्याच्याखाली तेलाच्या वाटेचं उघडं तोंड दिसलं. तिथे मी बूच मारलंच नव्हतं.

मी दार उघडून हेड बाहेर काढलं, त्या वाटेत हवा मारली, तार घालून पाहिली, पाणी सोडून पाहिलं. एकही मणी नाही. मी स्टुलावर बसले. चष्मेवाल्यांचं इंजिन, यांचं नाव, माझी ही खोली, सगळं त्या एका बोटाने वाचवलं होतं. मला रडू आलं. त्या पेटीतल्या कुणाला तरी 'थँक्यू' म्हणावंसं वाटलं आणि मी ते मोठ्याने म्हटलंही. मग पुढच्या खोलीतून यांचा आवाज आला, 'काय म्हणालीस गं?' मी म्हटलं, 'काही नाही, स्वतःशीच बोलत होते.'

५

मुलीला फोनवर बोटांचं सांगून बसले आणि ती डॉक्टरांना दाखव म्हणून हट्टाला पेटली, म्हणून एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. यांना सांगितलं, बाजारात जातेय. डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावले.

'सुई टोचली की सांगा.'

'टोचा की.'

'टोचून झाली. दहाही बोटांना.'

मग त्यांनी ताकद बघितली, नसा बघितल्या, यंत्र लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. 'नस दबलेली नाही,' त्या म्हणाल्या. 'साखर नाही. हात उत्तम आहे हो तुमचा. मग लागत का नाही, ते काही कळत नाही मला.' त्यांनी मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं आणि तोवर गरम, धारदार कशालाही हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. मी मान हलवली. हे इंजिन झालं की जाऊ, असं ठरवलं.

त्या दिवशी पेटीत इंजिनला जागेवर धरणारे ब्रॅकेट होते. लहान कामं, हातावेगळी करायची म्हणून घेतली होती. धूळ दाट झाली आणि ते आलं. एकामागून एक ब्रॅकेट होत गेले, वाढणारी आणि जेवणारी यांची तार जुळावी तसं. प्रत्येक बाजू झाली की मी भाग जाळीवर दोनदा ठोकते, साचलेले मणी पडावेत म्हणून. माझी जुनी लकब आहे. मी ठोकायच्या आधीच आतून दोनदा ठोकल्याचा आवाज आला, अगदी माझ्या तालात.

मी थांबले. खिडकीतून आत पाहिलं. त्या दिवशी मागचे हातमोजे माना टाकून पडले नव्हते. धूळ बसत होती तरी ते तिथेच होते, उजेडात, ब्रॅकेटभोवती. चार काळे पंजे, एकाच मापाचे, एकाच रबराचे, मण्यांच्या भुकटीने सारखेच पांढुरके झालेले.

आणि त्यांतले माझे कोणते, हे मला सांगता येईना.

हे ऐकायला खुळ्यासारखं वाटेल. हात खांद्याला जोडलेले असतात, मनगटापर्यंत नजर नेली की झालं. मी नेली. पण खिडकी लहान, पुढची कड बाह्या झाकते, आणि आतून दिसतात ते फक्त पंजे, एकमेकांत मिसळलेले. डोळ्यांना कळेना, आणि बोटं तर केव्हाची मुकी. म्हटलं, सोपं आहे, अंगठा हलवून बघावा. हलेल तो आपला.

मी उजवा अंगठा हलवला.

पलीकडच्या बाजूचा हलला.

पुन्हा हलवला. पुन्हा तोच. मग तर्जनी. तीही तिकडचीच. अलीकडचे दोन्ही पंजे स्वस्थ पडून होते, माना टाकून.

मी दोन्ही हात खसकन ओढून काढले. बाहेर आले ते माझेच होते, मला ओळखू येत होते, नखांत काळं, मधल्या बोटावर जुना व्रण. चोळले, एकमेकांवर आपटले, चिमटे काढले. टाळीचा आवाज तेवढा आला. पेटीत मात्र दोघांपैकी कुणीतरी ब्रॅकेट उचलला आणि उरलेली बाजू वर करून ठेवला, मी येईन म्हणून.

तेव्हा मी घाबरले. आणि तरी मनात एक चोरटा प्रश्न होताच: तिकडच्या बोटाला ब्रॅकेट थंड लागला असेल का?

६

ओव्हनमधला ट्रे मी कधीही कापडाशिवाय धरत नाही. त्या सकाळी धरला. मन दुसरीकडे होतं आणि हातांनी काही तक्रार केली नाही. ट्रे ओट्यावर ठेवला, वरचे भाग नीट लावले, आणि तेवढ्यात हे काहीतरी विचारायला आत आले. त्यांनी हवेत वास घेतला.

'काहीतरी जळतंय.'

'नाही हो.'

मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला स्वतःच्या हातांकडे बघायचं धैर्य होईना.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पंजांना जाड पट्ट्या बांधल्या, दुखण्यावर गोळ्या दिल्या, ज्यांची मला गरज नव्हती, आणि यांना सगळं सांगून टाकलं. घरी आल्यावर हे मागच्या खोलीतल्या माझ्या स्टुलावर बसले.

'मला का नाही सांगितलंस?'

'सांगितलं असतं तर ही खोली गेली असती माझी.'

'खोली काय पळून चाललीय?' त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. 'अगं, हात राहिले तर खोली. आता पुरे. तू पेटीला हात लावायचा नाहीस. मी कुणीतरी बघतो.'

बोलण्यासारखं सगळं त्यांनी बरोबरच सांगितलं होतं. मला एवढंच कळत होतं की आता मी या खोलीत पाहुणी आहे, आणि छातीत काहीतरी दुखत होतं. तिथे मला अजून लागत होतं.

एकच भाग उरला होता, टॅपेट कव्हर. इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, बॉनेट उघडलं की पहिलं दिसणारं. चष्मेवाल्यांची बायको दवाखान्यातून घरी यायची होती आणि तिला याच गाडीतून आणायचं असं त्यांनी ठरवलं होतं. सकाळीच येऊन सांगून गेले होते.

'मी करतो ते,' हे म्हणाले. 'तू शेजारी उभी राहून सांग.'

'नको,' मी म्हटलं. 'तुम्ही नका हात घालू त्यात.'

'का?'

मी सांगितलं. हेड वळल्यापासून सगळं, मधलं काही न गाळता. त्यांनी मध्ये एकदाही हसण्यावारी नेलं नाही, हेच वाईट झालं. ऐकून घेतलं, माझ्या पट्ट्यांकडे पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला.

'गोळ्यांची गुंगी आहे गं,' ते म्हणाले. 'बस तू. एवढंसं तर कव्हर आहे.'

७

खिडकी एका चेहऱ्यापुरती, त्यामुळे मला त्यांची पाठ आणि अर्धा गाल तेवढा दिसत होता.

'नळी तिरकी धरा.'

'धरली.'

'एका जागी रेंगाळू नका, फिरवत राहा.'

'तेवढं कळतं मला.'

पेटीतून हवेचा एकसुरी आवाज येत होता. मी उभ्या उभ्या कान देऊन होते. सुरुवातीला कव्हर जाळीवर खडखडत होतं, नवख्या हाताखाली खडखडतं तसं. मग खडखड थांबली.

'जमतंय की मला,' हे म्हणाले. 'उगाच इतकी वर्षं तुझं कौतुक करत होतो. बघ कसं आपोआप वळतंय.'

'अहो, हात काढा.'

'थांब गं, रंगात आलोय.'

'मी सांगते ना, काढा!'

हवेचा आवाज बंद झाला. त्यांचा पाय पेडलवरून उचलला गेला होता. ते खिडकीत बघत तसेच उभे राहिले, आणि बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता, चहाला हाक मारावी इतका.

'तू कशाला हात घातलास?'

मी त्यांच्या मागे उभी होते. पट्ट्या बांधलेले दोन्ही हात छातीशी धरलेले.

'मी इथे आहे,' मी म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं नाही. 'नाही, तुझाच आहे. एवढं का मला कळत नाही? अंगठा असा आत दुमडून धरतेस ते.'

आणि मला लागलं.

पट्ट्यांमधल्या बोटांना नाही, ती तशीच लाकडासारखी. दुसरीकडे कुठेतरी, जिथे बघायला मला खिडकी नव्हती. रबराच्या दोन थरांपलीकडे त्यांचा पंजा होता. नट आवळायचा पाना धरून धरून जाड झालेलं तर्जनीचं पेर, कधीच नीट न वळणारी करंगळी, तळव्याची ऊब. खाली कव्हरची कड, मण्यांनी मऊ खरखरीत झालेली, थंड. किती दिवसांनी! मला आनंद झाला, हे आधी सांगते, कारण पुढचं त्यावरूनच समजेल. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी धरून होते.

'बरं, सोड आता,' हे म्हणाले. अजून थोडे हसत होते.

मी पट्ट्यांतली बोटं पसरली, ताणून ताणून. आत काहीही सुटलं नाही.

'अगं, सोड ना.'

कसं सोडायचं ते मला ठाऊक होतं. कोणत्या बोटांना सांगायचं, हे एव्हाना मला कळलं होतं. पण सोडलं की पुन्हा काही लागणार नव्हतं. ना कप, ना ॲल्युमिनिअम, ना हे. मी म्हटलं, जरा वेळ. एवढंच म्हटलं मनात, जरा वेळ फक्त.

त्यांचे खांदे मागे ताणले गेले. पेटीचे पाय फरशीवर खरडत पुढे आले, हात आले नाहीत. आता ते हसत नव्हते.

'दुखतंय गं मला,' हे म्हणाले.

दुखतच असणार. त्यांच्या मनगटातली नाडी माझ्या बोटांखाली उडत होती, आणि तिचा एकेक ठोका मला अगदी स्वच्छ लागत होता.